कातडीपलीकडची सावली

"ही गाठ तुमची नाही," डॉक्टर अंजुम मुजावर म्हणाल्या, आणि वृषालीला इतकं हायसं वाटलं की ती चक्क हसली.

त्या हसण्याची तिला पुढं फार लाज वाटली. त्या क्षणी नाही. त्या क्षणी ती मिरजेच्या इस्पितळात पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. गाठ दिसतेय, येऊन जा, एवढाच निरोप होता. गाठ होतीच. पडद्यावर राखाडी दाण्यादाण्यांत एक काळा डाग होता, कडेनं काटे फुटल्यासारखा, आणि त्याच्या मागं पडलेली लांब सावली. पण तो डाग तिच्या अंगात नव्हता.

"मग कुणाची?" तिनं विचारलं.

"ते मी कसं सांगणार? ते तुम्हाला माहीत असेल."

तिनं लोकांना सांगितलं होतं: पित्ताशयात खडे होते.

तासगावात गणपतीच्या देवळामागच्या बोळात वृषाली जमदाडेचं ब्लाउजचं दुकान होतं. सांगलीच्या मॉलमध्ये आता नुसतं उभं राहिलं की चारी बाजूंनी अंग मोजून चहा संपायच्या आत ब्लाउज हातात देणारी यंत्रं आली होती. तरी बायका वृषालीकडंच यायच्या. यंत्राला अंग कळायचं, पण कुठल्या बाईला काय झाकायचंय ते कळायचं नाही. वृषालीला कळायचं. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाच्या पाठीला वळी, कुणाची एक बाजू दुसरीपेक्षा लहान. ती काही न बोलता टीप आत-बाहेर सरकवायची आणि बाई आरशात बघून खूश व्हायची. दुकानाला पाटी होती, पण खरी पाटी ती स्वतःच. स्वतःच्या हातचं ब्लाउज घालून ती मशीनमागून उठली की गिऱ्हाईक म्हणायचं, अगदी हे असं बसलं पाहिजे बघा.

अशा बाईच्या छातीत मागं एकदा गाठ निघाली होती.

नवरा, संग्राम, भला माणूस. तो म्हणाला, बरं होण्याशी मतलब, गावभर कशाला करायचं. तिलाही तेच हवं होतं. पुण्याला बहिणीकडं राहून तिनं ऑपरेशन करून घेतलं. डावा स्तन काढला, कातडी मात्र राखली, आणि त्याच बैठकीत आत इम्प्लांट बसवलं. उजवी बाजू त्याच्या जोडीला शोभावी म्हणून थोडी उचलून घेतली. औषधं आताशा नेमकी गाठीवरच जायची, त्यामुळं केसही गेले नाहीत. गावात परत आली ती जरा बारीक होऊन, आणि बघणाऱ्याला आधीपेक्षा तरुण वाटावी अशी.

नुसतं लपवलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण लोकांनी कौतुक केलं आणि तिनं ते घेतलं.

थोरली जाऊ उज्ज्वला मळ्यातल्या घरी राहायची. सासूबाई, म्हणजे आत्या, तिच्याकडंच असायच्या. ती एकदा दुकानात आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "काय गं, खडे काढले का वय काढलं?" सगळ्या हसल्या. वृषालीही हसली, आणि तोंडाला येईल ते बोलून गेली. म्हणाली, रोज पहाटे व्यायाम करते ताई, तुम्ही पण करा की, किती सुटलाय.

उज्ज्वला हसतच राहिली. हसता हसता तिनं पदर पुढं ओढून घेतला. कुठल्या बाईला काय झाकायचंय हे ओळखण्यावर जिचं पोट होतं, त्या वृषालीनं ते पाहिलं, आणि मान खाली घालून दोरा ओवला.

राखण

आत बसवलेल्या वस्तूला कंपनीनं लांबलचक नाव दिलं होतं. बायका तिला राखण म्हणायच्या.

जुन्या काळची इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी, तिचं काम आकार देणं. अडचण अशी की ज्या जागी गाठ झाली त्या जागी ती पुन्हा येऊ शकते, आणि पिशवी मध्ये असल्यामुळं ती हाताला उशिरा लागते. म्हणून नव्या इम्प्लांटच्या पृष्ठभागावर दुधाच्या सायीइतका पातळ पापुद्रा चढवलेला असे. त्यात हजारो बारीक ठिपके. प्रत्येक ठिपका माणसाच्या कानाला न ऐकू येणारा आवाज काढतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. पोटाची सोनोग्राफी करतात तीच ही विद्या, फक्त यंत्र बाहेरून आत न बघता आत बसून बघतं. त्याला लागणारी वीज छातीच्या वरखाली होण्यातून मिळे. रोज सकाळी अंघोळीच्या सुमाराला, बाई उभी असताना, राखण एकदा सगळीकडं नजर फिरवी. आतल्या बाजूला छातीच्या पिंजऱ्याकडं, बाहेरच्या बाजूला कातडीकडं, कारण आजार परत आला तर बहुधा या दोन ठिकाणीच येतो. काही वेगळं दिसलं तर मोबाइलला आणि इस्पितळाला कळे.

कातडीच्या पुढं मात्र तिला काही दिसायचं नाही. या आवाजाला हवा म्हणजे भिंत. कातडीपाशी पोचला की तो सगळाच्या सगळा मागं फिरतो. म्हणून तर सोनोग्राफीच्या आधी पोटावर ती गार जेली लावतात, यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून.

"ही तुमची कातडी," डॉक्टर मुजावरांनी पडद्यावरच्या एका बारीक पांढऱ्या रेषेवर बोट ठेवलं. "रोज इथं चित्र संपतं. त्या दिवशी संपलेलं नाही. पुढं ओलं काहीतरी आहे, त्याच्या पुढं दुसरी कातडी, आणि तिच्या आत ही गाठ. यंत्रानं तिला तुमचीच समजून बोंब मारली. बिचाऱ्याला काय माहीत जगात दुसरी माणसं पण आहेत."

कुणाला तरी त्या दिवशी तुम्ही मिठी मारली होती, त्या म्हणाल्या, आणि दोघींचे कपडे भिजलेले होते. असं दुसऱ्या कुणाचं झालेलं मी ऐकलेलं नाही. कंपनीला कळू द्या फक्त, पुढच्या वर्षी याचीच जाहिरात करतील, एक बसवा आणि घरातल्या सगळ्या तपासा. त्या एवढं बोलून हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. डागाचा आकार त्यांना आवडला नव्हता. या बाईनं लवकर येऊन दाखवायला हवं होतं. आठवतं का काही, त्यांनी विचारलं.

तिनं डॉक्टरांना सांगितलं: आठवत नाही.

आठवत होतं. तासगावच्या गाडीत बसायच्या आधीच सगळं आठवून झालं होतं.

आत्या गेल्या तो उन्हाळ्यातला दिवस. सकाळीच पुरुषमाणसं त्यांना घेऊन निघाली, आणि मागं राहिलेल्या बायका रीतीप्रमाणं परसदारी अंघोळीला गेल्या. नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. उज्ज्वलाच्या डोक्यावर वृषालीनं कळशी ओतली, वृषालीच्या डोक्यावर उज्ज्वलानं. तेवढ्यात नणंद, रोहिणी, कोल्हापुराहून पोचली. आईचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून तिनं जो टाहो फोडला तो अजून कानात होता. कुणीतरी तिच्याही डोक्यावर पाणी घातलं, आणि तिघी तशाच ओलेत्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आधी रोहिणी आणि वृषाली, मग उज्ज्वला आणि वृषाली. सुती साड्या, पाण्यानं निथळणाऱ्या, अंगाला चिकटलेल्या. हवा शिरायला कुठं जागाच नव्हती.

एरवी वृषाली कुणाच्या इतक्या जवळ जायची नाही. ऑपरेशनपासून तर नाहीच. पण दारात मरण असताना गळ्यात पडणाऱ्या बाईला कोण थोपवणार?

म्हणजे दोघींतली एक.

तिनं रोहिणीला सांगितलं: दुकानात एका गिऱ्हाइकाच्या छातीत गाठ निघाली, म्हणून सगळ्यांना विचारतेय.

रोहिणी फोनवर पटकन मोकळी झाली. ती दरवर्षी तपासून घ्यायची, आईचे दिवस झाल्यावर आठवणीनं जाऊन आली होती, सगळं स्वच्छ होतं. बरं झालं विचारलंस वहिनी, असं म्हणून तिनं उलट विचारलं, तू करून घेतेस ना?

वृषाली हो म्हणाली. त्यातल्या त्यात खरं उत्तर.

फोन ठेवल्यावर कळण्यासारखं काही उरलंच नाही. उज्ज्वला. जिनं आत्यांचं शेवटचं सगळं केलं, हगणंमुतणं, कुशीवर वळवणं, रात्रीची जागरणं. वृषाली त्या काळात रविवारी दोन फळं घेऊन जायची आणि दुकान आहे म्हणून दिवस मावळायच्या आत परतायची.

तिनं उज्ज्वलाला सांगितलं:

ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं, म्हणजे तसं काही नाही, पण—

तिनं उज्ज्वलाला सांगितलं:

ताई, सरकारची एक योजना आलीय, चाळिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची मिरजेला फुकट तपासणी, आपण दोघी—

ही योजना तिनं मळ्याच्या वाटेवर रचली होती. उज्ज्वला भाकरी थापत होती. ती म्हणाली, फुकट आहे म्हणून आजारी पडू का? मला काय झालंय? आणि असं म्हणताना तिनं वृषालीकडं क्षणभर रोखून बघितलं, जणू तीच काहीतरी विचारत होती. वृषालीनं नजर तव्याकडं वळवली.

तिनं उज्ज्वलाला सांगितलं:

ताई, माझं ते ऑपरेशन—

तेवढ्यात मोठे दीर आत आले. द्राक्षांवर औषध मारणारं ड्रोन पडलं म्हणून ते कंपनीच्या माणसाला फोनवर शिव्या घालत होते. विषय ड्रोनकडं गेला. वृषालीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईट वाटलं, आणि ती चहा घेऊन निघून आली.

सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? नुसती गाठ सांगून भागणार नव्हतं. तुला कसं कळलं, असं उज्ज्वला पहिल्यांदा विचारणार. मग राखण सांगायची. मग खडे नव्हते हे आलं, पहाटेचा व्यायाम नव्हता हे आलं, आणि चार बायकांसमोर 'किती सुटलाय' म्हणालेली ती दुपार आली. एक धागा ओढला की सगळी शिवण उसवणार. वृषालीला आजाराची इतकी लाज वाटत नव्हती. आजार काय, कुणालाही होतो. तिला त्या दुपारची लाज वाटत होती.

गणपती झाले. दसरा झाला. दिवाळीच्या आधी दुकानात श्वास घ्यायला सवड नसते, हे कारण तिनं स्वतःला दिलं आणि स्वतःच मान्य केलं.

तिनं डॉक्टरांना पुढं सांगितलं: आठवलं कोण ते, सांगितलंय मी, त्या येते म्हणाल्यात.



डॉक्टर मुजावरांचा फोन आला होता. दुसऱ्या बाईचं नाव मला विचारता येत नाही, त्या म्हणाल्या, कायद्यानं ती माझी पेशंट नाही, तिचं चित्र माझ्याकडं असणंसुद्धा चूक आहे. म्हणून सगळं तुमच्यावर आहे. वृषालीनं 'सांगितलंय मी' हे वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं तेव्हा पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. एका डॉक्टरला आज रात्री झोप लागेल, ती माझ्या खोटेपणावर, असं वृषालीच्या मनात आलं.

मग तिला एक युक्ती सुचली. युक्ती म्हणावं अशी ती नव्हती.

रोहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. उज्ज्वलाला मामीच्या मानाची साडी आली आणि ती ब्लाउज शिवायला दुकानात येणार होती. राखणेला सकाळची वेळ सोडून इतर वेळीही मोबाइलवरून चालू करता यायचं. आणखी एकदा बघावं, वृषालीनं ठरवलं. तेव्हा रडारडीत हललो असू, चित्र फसलं असेल, साधी दुधाची गाठ असेल, जिरून गेली असेल. खात्री करून घ्यायची आहे असं ती मनाशी म्हणत होती. खात्री नकोच होती तिला. कोरा पडदा हवा होता. कोरा पडदा मिळाला की कधीच काही सांगायला नको.

तिनं उज्ज्वलाला सांगितलं: हे अस्तर नवीन आहे, आटतं, म्हणून ओलं करून अंगावर बसवून बघावं लागतं.

जगातला कुठलाही शिंपी असं करत नाही. अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापतात, हे शिकाऊ पोरीलाही माहीत असतं. उज्ज्वलानं मात्र विश्वास ठेवला. तू म्हणशील तसं, म्हणाली, आणि पडद्यामागं जाऊन कच्चे हुक टाकलेलं ते ओलं गार पांढरं अस्तर अंगात चढवून, शहारत उभी राहिली. बाहेर बाकावर खराडे काकू आपली पाळी येण्याची वाट बघत मोबाइलवर भजन ऐकत बसल्या होत्या.

वृषाली इस्त्रीसाठी ठेवलेला पाण्याचा फवारा उचलून पडद्यामागं गेली. अस्तरावर मारता मारता हात चुकल्यासारखं करून स्वतःच्या छातीवरही भरपूर मारून घेतला. मोबाइल तिथल्या टेबलावर होता. त्यावर बोट टेकवलं. मग टेप उज्ज्वलाच्या पाठीमागून पुढं आणण्यासाठी दोन्ही हात तिच्याभोवती घातले.

आणि काढले नाहीत.

"काय गं?" उज्ज्वला म्हणाली.

"काही नाही. आत्यांची आठवण आली."

उज्ज्वला आधी ताठ राहिली. मग तिच्या अंगातला ताठा हळूहळू ओसरला, तिचे जाड हात वर आले आणि वृषालीच्या पाठीवर स्थिरावले. ती वृषालीला धरून राहिली. वृषालीच्या खांद्यावर ऊन पाण्याचा थेंब पडला, मग आणखी पडले.

"मला वाटायचं, तुला माझी किळस येते," उज्ज्वला खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचं करून करून माझ्या अंगाला वास येत असेल, म्हणून तू लांब राहतेस."

वृषाली मनात राखणेचे सेकंद मोजत होती. मोजायचं थांबवावं असं वाटत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मोबाइल थरथरला. टेबलाच्या पत्र्यावर त्याचा केवढा तरी आवाज झाला.

उज्ज्वला मागं झाली. मोबाइलच्या पडद्यावर लाल चौकट आली होती आणि चौकटीत शेजारीशेजारी दोन चित्रं, उन्हाळ्यातलं आणि आत्ताचं. यंत्रानं जुनं ओळखलं होतं. दोन्हीत तोच काटेरी काळा डाग. दुसरा मोठा. मोठा आहे हे समजायला डॉक्टर असावं लागत नव्हतं.

"हे काय?"

कंपनीचा मेसेज, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण उज्ज्वलाच्या गालावर अजून ओल होती, आणि वृषालीच्या तोंडून खोटं बाहेर पडेना. तिनं सगळं सांगितलं. खालच्या आवाजात, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यातही ती लाज सांभाळत होती. पुण्याचं ऑपरेशन सांगितलं, राखण सांगितली, परसदारची अंघोळ सांगितली, आणि आत्ता पाणी का उडवलं तेही.

उज्ज्वलानं सगळं ऐकून घेतलं. त्या दोन चित्रांकडं तिनं बघितलंच नाही.

"म्हणजे तुला आत्यांची आठवण आली नव्हती," ती म्हणाली.

वृषालीनं मान हलवली. नाही.

आयुष्यात तिला पुष्कळ बायकांनी पुष्कळ बोल लावले होते. असं एवढंसं वाक्य कुणी लावलं नव्हतं.

उज्ज्वला स्टुलावर बसली. ओलं अस्तर तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"गाठ आहे ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आत्या होत्या तेव्हाच हाताला लागली होती."

"मग बोलला का नाही ताई?"

"तू बोललीस का?"

बाहेर भजन संपून दुसरं सुरू झालं.

"त्या दिवशी ओल्यात तू गळ्यात पडलीस, तेव्हा तुझी डावी बाजू गार लागली. बाकी सगळं अंग तापलेलं, तेवढीच गार. माझ्या मावशीला बसवलं होतं असंच, जुन्या पद्धतीचं. थंड पाण्यानं अंघोळ केली की ते लवकर ऊन व्हायचं नाही. रक्तच नसतं ना त्यात. तेव्हाच कळलं, कसले आले खडे." ती क्षणभर थांबली. "मी म्हटलं, ही एवढी हुशार. दुकान चालवते, गावाला शहाणपण सांगते. हिनं नवऱ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही, म्हणजे ही लपवायचीच गोष्ट असणार. मग मी अडाणी कुठं बोंबलत फिरू? मी पण लपवली. तुझं बघून."

वृषालीला वाटत होतं की आपण सांगितलं नाही हा आपला गुन्हा. तसं नव्हतं. आपण काहीच न सांगता केवढं तरी शिकवलं होतं, आणि समोरची बाई ते मन लावून शिकली होती.

मिरजेला जाऊ, आजच्या आज जाऊ, ती भराभर बोलू लागली. आताची औषधं चांगली आहेत, डॉक्टर बाई चांगल्या आहेत, अजून वेळ गेलेली नाही. वेळ गेली का नाही हे तिला माहीत नव्हतं. उज्ज्वलानं हात वर करून तिला थांबवलं.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"तू माझं बघितलंस. न विचारता बघितलंस. आता तुझं दाखव."

त्या पडद्याआड वृषालीनं तासगावातल्या निम्म्या बायका पाहिल्या होत्या. तिला तिथं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं हुक काढले. राखलेल्या कातडीवरून आडवा गेलेला पांढरट वण, कडेला थोडी आत ओढलेली कातडी, मध्यभागी गोंदून घेतलेला गडद गोल, जो जवळून गोंदलेलाच दिसायचा. लांबून सुबक, ब्लाउजात देखणं. असं उघड्यावर, ट्यूबच्या उजेडात, दुरुस्त केलेलं.

उज्ज्वलानं वणावरून बोट फिरवलं. धान्य निवडताना फिरवतात तसं.

"कळतंय काही?"

"नाही."

"तुला काही कळत नाही, आणि त्या यंत्राला माझ्या अंगातलं कळतं," उज्ज्वला म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग तिनं वृषालीचा हात धरून ओल्या अस्तराच्या आत नेला आणि स्वतःच्या छातीवर एका जागी दाबला. चिंचोक्यासारखं काहीतरी, टणक, जागचं न हलणारं. पडद्यावरच्या डागाला काटे होते, सावली होती. बोटाखाली नुसता टणकपणा होता. वृषालीला वाटलं, एवढं साधं होतं. उन्हाळ्यातच हात पुढं केला असता तर कुठलंही यंत्र लागलं नसतं.

"अगं ए," बाहेरून खराडे काकू म्हणाल्या, "दोघी मिळून एकच ब्लाउज घालताय काय? मी बसून बसून वाळले इथं."

उज्ज्वलाचे हात झटक्यात अस्तराच्या हुकांकडं गेले. वृषाली बघत राहिली. किती सफाईनं लावत होती ती, न बघता, खालून वर, आणि लावता लावता चेहरा पुसत होती, पदर सारखा करत होती, तोंडावर काही झालंच नाही असा भाव आणत होती. उन्हाळ्यापासूनचा सराव होता तो.

वृषालीनं तिचा हात धरला. वरचा हुक लावू दिला नाही.

"काकू," ती पडद्याकडं तोंड करून म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुमचं ब्लाउज आज होत नाही. मी मिरजेला निघालेय. मला कॅन्सर झाला होता. खडे नव्हते ते. डाव्या बाजूचं जे दिसतं ते बसवलेलं आहे, व्यायामाचं नाही."

भजन बंद झालं.

संध्याकाळपर्यंत हे बोळाच्या टोकापर्यंत पोचणार होतं, उद्या बाजारात. पाटी उतरली होती. बोललं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. वृषालीला काही हलकं वाटलं नाही. कान तापले होते, आणि ज्या एका माणसासाठी बोलायला हवं होतं तिच्या कामाला ते बोलणं वेळेत आलं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर बाक करकरला. काकू उठून गेल्या असं वाटलं. गेल्या नव्हत्या, पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांची पावलं खालून दिसत होती.

"दुखतं का गं ते?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम वेगळा, पोरीसारखा झाला होता. "म्हणजे, आधी. कळतं कसं?"

वृषालीनं तोंड उघडलं, पण उत्तर उज्ज्वलानं दिलं. तिनं अस्तरावरूनच पदर गुंडाळला, पडदा बाजूला सारला आणि बाहेर गेली.

"दुखत नाही, काकू. तिथंच फसतं माणूस," ती म्हणाली. "मला पण आहे. हिनं मला सांगितलं, पण फार उशिरा. तुम्ही तुमचं आजच बघून घ्या."

बरोबर होतं. त्यात राग नव्हता. पडदा परत जागेवर येऊन झुलत थांबला. आत वृषाली तशीच उभी होती, ब्लाउज उघडं, फवाऱ्याच्या पाण्यानं छाती ओली. उजवी बाजू केव्हाच ऊन झाली होती. डावी गार होती. तिनं हुक लावायला घेतले, आणि एकही नीट बसेना.

"ये की बाहेर," पडद्यापलीकडून उज्ज्वला म्हणाली. "गाडी चुकेल. आता काय झाकतेस."